प्रवासी कोण, हे आधी विचारा

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीतील पर्यटनाचे पान मी नेमाने वाचतो. छायाचित्रे देखणी असतात, लिहिणाऱ्यांचा उत्साह मनापासूनचा असतो आणि वाचून झाल्यावर आपणही एकदा तिकडे जाऊन यावे असे वाटते. पण नेमके त्याच वेळी वाचकाच्या मनात जे प्रश्न उभे राहतात, म्हणजे आपल्या गुडघ्यांना हे झेपेल का, एकटीने गेले तर चालेल का, लहान मूल बरोबर नेता येईल का, स्वतःची मोटार नसेल तर तिथे पोहोचायचे कसे आणि मुख्य म्हणजे परत यायचे कसे, त्यांची उत्तरे त्या पानावर बहुधा सापडत नाहीत. वाचक धडधाकट आहे, तिशीतला आहे आणि त्याच्या दारात गाडी उभी आहे, असे गृहीत धरूनच लेख लिहिलेले असतात. मी एसटी महामंडळात ३४ वर्षे नोकरी केली आणि त्यांतली जवळजवळ १९ वर्षे वाहतूक नियंत्रक म्हणून बसस्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत काढली. प्रवासी किती परींचे असतात, हे त्या खिडकीतून जितके दिसते तितके दुसरीकडे कुठे दिसत असेल असे मला वाटत नाही. त्या अनुभवातून जे हाती लागले ते आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावे, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, तरी शक्य झाल्यास न कापता छापावे, ही विनंती.

खिडकीपाशी येणारा माणूस एकच प्रश्न विचारतो, "अमक्या गावाची गाडी किती वाजता?" सुरुवातीची काही वर्षे मी त्याला वेळ आणि फलाट क्रमांक सांगून मोकळा होत असे. तेवढ्याने भागत नाही हे माझ्या लक्षात आले ते माझ्याच एका चुकीमुळे.

मे महिना होता, लग्नसराईची गर्दी होती आणि खिडकीपुढे रांग लागली होती. रांगेत सत्तरीच्या घरातले एक आजोबा आणि त्यांच्या मागे काठी टेकून उभ्या असलेल्या आजी होत्या. डोंगराच्या कुशीतल्या शेवटच्या गावी त्यांचे कुलदैवत होते आणि नातवाचे लग्न ठरले म्हणून दोघे ओटी भरायला निघाले होते. मी मान वर न करताच सांगितले, "साडेनऊ, फलाट तीन." ती गाडी गावात पोहोचली की दहा मिनिटांत तशीच माघारी फिरते आणि त्यानंतर गावात येते ती थेट संध्याकाळची मुक्कामी गाडी, हे मला तोंडपाठ होते, पण त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. दोघे देवळातून उतरून दुपारी तीनला थांब्यावर येऊन बसले. सातच्या सुमारास गाडी आली तेव्हा कंडक्टरने सांगितले की आता ही सकाळी सहालाच सुटेल. आजींची मधुमेहाची गोळी घरी राहिली होती. ड्रायव्हर-कंडक्टर ज्या घराच्या ओसरीवर निजत, त्या घरच्या बाईंनी दोघांना पिठले-भाकरी वाढली, अंथरूण दिले आणि दुसऱ्या दिवशी साडेसातला दोघे पुन्हा माझ्या खिडकीपुढे उभे राहिले. आजींचा चेहरा पार उतरला होता आणि हातातल्या पिशवीत प्रसादाचा नारळ तसाच होता. आता बोलणी बसणार अशी माझी खात्री झाली. आजोबा एवढेच म्हणाले, "साहेब, येणाऱ्याला परतीचं तेवढं सांगत जा." त्याच दुपारी मी चौकशीच्या वहीत प्रत्येक खेड्यापुढे परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ तांबड्या पेन्सिलीने लिहून काढली. तेव्हापासून गाडीची वेळ सांगण्याआधी मी तीन गोष्टी विचारू लागलो: कोण जाणार आहे, बरोबर कोण आहे आणि परत कधी यायचे आहे.

मुक्कामी गाडी हा प्रकार शहरातल्या वाचकांना नीट ठाऊक नसतो, म्हणून त्याविषयी थोडे सांगतो. तालुक्याहून आडगावी जाणारी दिवसातली शेवटची गाडी रात्री गावातच थांबते आणि पहाटे पहिली फेरी म्हणून तालुक्याकडे निघते, कारण गावातल्या विद्यार्थ्यांना, बाजारकऱ्यांना, कोर्टात तारीख असलेल्यांना सकाळी तालुक्याला पोहोचायचे असते. म्हणजे गाड्यांचा ओघ सकाळी तालुक्याकडे आणि संध्याकाळी गावाकडे असतो. फिरायला जाणाऱ्याला मात्र बरोबर उलटे हवे असते. सकाळी घरून निघून संध्याकाळी परतू, असा बेत आखणारे गडप्रेमी तरुण नेमके इथेच फसतात, आणि मग अंधारात कुणाच्या तरी जीपला हात करत उभे राहतात. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळच्या मुक्कामी गाडीने गावात जावे, देवळात किंवा ओळखीने एखाद्या घरी झोपावे, जेवणाचे पैसे आग्रहाने द्यावेत, पहाटे गड चढावा आणि दिवसा माघारी फिरणाऱ्या गाडीने परतावे. उन्हाचा त्रास वाचतो, आणि गडाची माहिती जी फलकावर नसते ती रात्री ओसरीवर बसल्या बसल्या कानावर पडते. मुक्कामी गाडीचा कंडक्टर हा तर त्या खोऱ्याचा चालताबोलता नकाशाच असतो; ओढ्याला पाणी किती आहे, वाट कुठे ढासळली आहे, हे त्याला विचारावे.

एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हरिश्चंद्रगडाचे उदाहरण घ्या. खिरेश्वरकडून टोलारखिंडीने चढणारा माणूस कल्याण-आळेफाटा रस्त्यावर खुबी फाट्याला उतरतो. तोच माणूस पाचनईकडे उतरला तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात पोहोचतो आणि त्याला परतीसाठी राजूरकडे जावे लागते. गड एकच, पण पायथ्याची दोन गावे, दोन जिल्हे आणि दोन वेगळे आगार. ज्या फाट्यावर उतरलो तिथूनच परत जाऊ, असे समजून पाकिटात मोजके पैसे ठेवलेली मुले मी पाहिली आहेत. पावसाळ्यात तर घाटरस्त्यांचीही खात्री करून घ्यावी लागते. भोरहून महाडला उतरणारा वरंधा घाट पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीला बंद असतो. मग पाटीवर नाव असूनही गाडी तिकडून जात नाही.

नावांचा घोटाळा हा वेगळाच विषय आहे आणि तो माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, कारण चुकीच्या गाडीत बसलेल्या प्रवाशाला उतरवून योग्य गाडीत बसवण्यात माझी कितीतरी वर्षे गेली. अष्टविनायकांतला वरदविनायक खोपोलीजवळच्या महडला आहे. रायगडाच्या वाटेवरचे मोठे गाव महाड, तेही त्याच जिल्ह्यात. एका कान्याच्या चुकीने माणूस जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जातो. विघ्नेश्वराचे ओझर जुन्नर तालुक्यात आहे आणि विमानतळाचे ओझर नाशिकजवळ. खेड एक कोकणात रत्नागिरी जिल्ह्यात, तर दुसरे पुणे-नाशिक रस्त्यावरचे, ज्याला आता राजगुरुनगर म्हणतात. कर्जतचे तर विशेष आहे, कारण अष्टविनायकांच्या एकाच यात्रेत दोन्ही कर्जतांचा संबंध येतो: सिद्धटेक अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात आहे आणि महडला रेल्वेने जाणारे खोपोली किंवा रायगड जिल्ह्यातल्या कर्जतला उतरतात. मोबाइलवर तिकीट काढताना गावाच्या नावाशेजारचा जिल्हा पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. खिडकीत निदान "कुठलं कर्जत?" असे विचारणारा माणूस तरी होता.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठीही असाच एक शब्द आहे, तो म्हणजे स्थानकाच्या नावापुढचा 'रोड'. राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड अशा स्थानकांवर उतरले म्हणजे गाव आले असे नव्हे; तिथून गावाकडे रस्ता जातो, इतकाच त्याचा अर्थ. सातारा रोड हे स्थानक तर कोरेगाव तालुक्यात आहे आणि सातारा शहरासाठीचे स्थानक वेगळे आहे. पहाटे तीनला अशा स्थानकावर उतरणाऱ्या कुटुंबाने पुढच्या वाहनाची सोय आधी केलेली असावी, नाहीतर उजाडेपर्यंत फलाटावरच थांबावे. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुले होत असे, ते १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आले आहे. शिवाय पावसाळ्यात कोकण रेल्वेवर वेगळे वेळापत्रक लागू होते आणि गाड्या सावकाश धावतात. त्यामुळे उन्हाळ्यातल्या अनुभवावरून पुढची गाडी पकडण्याचा हिशेब करू नये.

आता ज्येष्ठांविषयी. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना निम्मे तिकीट आहे. कंडक्टर मोफत प्रवासाचेही तिकीट देतो, त्यावर शून्य रक्कम असते. ते जपून ठेवावे आणि वयाचा पुरावा असलेले ओळखपत्र हाताशी असावे. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे, म्हणून गोव्याच्या किंवा कर्नाटकाच्या गाडीत बसताना हद्दीपुढचे पैसे जवळ ठेवावेत. रेल्वेत ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण खालच्या बर्थची सोय आहे. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांना ती मिळते, मात्र एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असले तर. मुले आई-वडिलांचे तिकीट कौतुकाने आपल्या सहा जणांच्या तिकिटातच काढतात आणि मग आईला मधल्या बर्थवर चढायची पाळी येते. दोघांचे तिकीट वेगळे काढावे. डबा वेगळा आला तरी एक वेळ चालेल.

ज्येष्ठांनी कुठे जावे, हे देवस्थानाच्या किंवा गडाच्या कीर्तीवर ठरवू नये, पायऱ्यांवर ठरवावे. अष्टविनायकांत लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, बाकीच्या सात ठिकाणी चढ म्हणावा असा नाही. तेव्हा लेण्याद्री सकाळच्या पहिल्या प्रहरी, पाय ताजे असताना करावे. रायगडाला चौदाशेहून अधिक पायऱ्या आहेत, पण हिरकणीवाडीतून रोपवे आहे आणि तो चालू आहे ना, हे निघण्याआधी फोन करून विचारता येते. सप्तशृंगी गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली, म्हणजे रुळांवरून दोराने ओढली जाणारी गाडी आहे, त्यामुळे जी आजी गडाच्या पायथ्यावरूनच हात जोडून परतायची ती आता देवीपुढे उभी राहू शकते. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, पण तिथल्याच अमन लॉज स्थानकाहून माथेरानपर्यंत रेल्वेची छोटी गाडी जाते. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद असली तरी हा तुकडा सहसा चालू राहतो.

निवृत्त झाल्यानंतर मी पत्नीला घेऊन अजिंठ्याला गेलो, तेव्हा दुसऱ्यांना देत आलेला सल्ला मला स्वतःला उपयोगी पडला. तिचे दोन्ही गुडघे दुखतात, जिना चढतानाही तिला कठड्याचा आधार लागतो. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी, म्हणून बुधवार धरला. जळगावपर्यंत रेल्वे, तिथून साठेक किलोमीटर बस. फर्दापूरच्या फाट्यावर खासगी वाहने थांबतात आणि पुढचे चार किलोमीटर एसटीच्याच गाडीने लेण्यांपर्यंत जावे लागते. पायथ्याशी डोलीवाले उभे असतात. पत्नीने प्रथम मान हलवली. माणसांच्या खांद्यावर बसून देव पाहायला जायचे हे तिला पटेना. त्यांतला पिकल्या मिश्यांचा एक डोलीवाला म्हणाला, "काकू, तुम्ही बसला नाहीत तर आमचा आजचा दिवस कोरा जाईल." दर आधी ठरवला, आणि ती बसली.

पहिल्या लेण्यात शिरताना बाहेरच्या उन्हाने डोळे दिपलेले असतात आणि आत काहीच दिसत नाही. पुष्कळ लोक तेवढ्यावरच "रंग उडालेत सगळे" म्हणत बाहेर पडतात. आम्ही मात्र भिंतीपासून अंतर ठेवून पाच मिनिटे नुसते उभे राहिलो. हळूहळू अंधारातून आधी मुकुट, मग झुकलेली मान, मग हातातले कमळ असा पद्मपाणी बोधिसत्त्व दिसू लागला. पत्नी बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "याला झोप नाही आलेली. कुणाची तरी काळजी लागलीय." अजिंठ्याविषयी मी थोडेफार वाचले आहे, पण त्या चेहऱ्याचे याहून नेमके वर्णन माझ्या वाचनात नाही. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे एवढेच आहे की सगळी लेणी पाहण्याचा अट्टाहास धरू नये. पहिले, दुसरे, सोळावे, सतरावे आणि शेवटाकडचे सव्विसावे, जिथे महापरिनिर्वाणातला आडवा बुद्ध आहे, एवढी सावकाश पाहिली तरी दिवस सार्थकी लागतो.

परतीच्या वाटेवर छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर एक बाई भेटल्या. वय अठ्ठावन्न, कपाळ मोकळे, हातात एक पिशवी आणि शाळेतली दोनशे पानी वही. त्या देवीच्या साडेतीन पीठांची यात्रा एकट्याने करत होत्या. कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर झाले होते, वणीचे अर्धे पीठ राहिले होते. वहीत प्रत्येक टप्प्याची गाडी, पुढची गाडी चुकली तर नंतरची कोणती, रात्रीचा मुक्काम कुठे आणि तिकीट किती, हे सगळे लिहिलेले होते. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत निम्मे तिकीट झाले; ते कळले त्या दिवशी त्यांनी वहीचे पहिले पान लिहिले. "मालक होते तोवर कुठं गेले नाही. मुलगा म्हणतो, एकटी कशाला जातेस? म्हटलं, रेणुकेचा डोंगर माझ्यासाठी किती दिवस थांबायचा?" त्यांनी चार किंवा सात दिवसांच्या 'आवडेल तेथे प्रवास' पासाचाही हिशेब करून पाहिला होता आणि निम्म्या तिकिटात आपल्याला तो परवडत नाही असे काढले होते. पुरुषांना आणि सतत फिरणाऱ्या तरुणांना हा पास फार उपयोगी आहे, स्त्रियांनी मात्र त्यांच्यासारखी बेरीज करून मगच घ्यावा. मी १९ वर्षे वेळापत्रके हाताळली, पण त्या वहीइतके नीटस वेळापत्रक मी स्वतः कधी लिहिले नाही, हे मी त्यांना तिथेच सांगितले.

एकट्याने निघणाऱ्या भगिनींना त्यांच्या वहीतून आणि माझ्या अनुभवातून काही सांगतो. पोहोचण्याची वेळ उजेडातली असेल अशीच गाडी निवडावी. निघण्याची वेळ अंधारातली असली तरी चालते, कारण निघताना आपण ओळखीच्या ठिकाणी असतो. रातराणी मध्यरात्री एखाद्या स्थानकावर सोडणार असेल तर लगेच रिक्षात न बसता चौकशीच्या खिडकीजवळच्या बाकावर उजाडेपर्यंत बसावे. कुठे उतरायचे हे कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवावे. अडचणीत ११२ हा क्रमांक आहे, रेल्वेत १३९ आहे. देवस्थानांच्या भक्तनिवासांत स्वस्त आणि स्वच्छ खोल्या मिळतात, शेगावच्या संस्थानाची व्यवस्था तर त्यासाठी नावाजलेली आहे. पण काही ठिकाणी एकट्या व्यक्तीला खोली देत नाहीत, म्हणून हा प्रश्न निघण्याआधी फोनवर स्पष्ट विचारावा. रात्री नऊ वाजता खिडकीपाशी उभे राहून तो विचारण्याची वेळ कुणावर येऊ नये.

तान्हे मूल घेऊन जाणाऱ्या आयांसाठी बसस्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत. बाळासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या त्या माऊलीचे नाव या खोल्यांना दिले आहे, पण तिथे तशी खोली आहे हे अनेकींना माहीतच नसते आणि त्या फलाटावर पदराआड बाळाला पाजत बसतात. कक्षाला कुलूप असेल तर नियंत्रकाकडे किल्ली मागावी, संकोच करू नये. पाच वर्षांखालील मुलांना एसटीत तिकीट नाही आणि पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे आहे. रेल्वेत मात्र अर्ध्या तिकिटावर मुलाला वेगळा बर्थ मिळत नाही.

अपंग प्रवाशांविषयी लिहिताना मला वाईट वाटते, कारण त्यांच्यासाठी तिकिटात सवलत आहे, गंभीर अपंगत्व असेल तर सोबत्यालाही आहे, पण साध्या गाडीच्या पहिल्या पायरीची उंची कोणत्याही सवलतीने कमी होत नाही. तरीही एक गोष्ट करता येते. गाडी फलाटाला लागण्याआधी पंधरा मिनिटे खिडकीत येऊन सांगितले, तर नियंत्रक ड्रायव्हरला गाडी कडेला चिकटवून लावायला सांगू शकतो, म्हणजे फलाटावरून पाय थेट पायरीवर पडतो, आणि गर्दी चढण्याआधी आपल्याला चढवून घेता येते. मी हे कितीतरी वेळा केले आहे आणि कोणत्याही ड्रायव्हरने त्याला कधी नाही म्हटलेले मला आठवत नाही. मागण्याची भीड धरू नये.

महिला मंडळे, भजनी मंडळे, शाळा आणि सोसायट्या यांच्यासाठी एसटीची पूर्ण गाडी ठरवून नेण्याची सोय आहे. तिला प्रासंगिक करार म्हणतात आणि त्यासाठी थेट आगारात जाऊन चौकशी करावी लागते. परदेशातून नातवंडे आली की त्यांना आठ दिवसांत अख्खा महाराष्ट्र दाखवण्याचा घाट घालू नये, एवढेच मी आजी-आजोबांना सुचवीन. एक गड, एक लेणे आणि खिडकीजवळ बसून केलेला लालपरीचा एक प्रवास त्यांना पुरतो. ती मुले ओसीआय कार्डधारक असतील, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे कार्ड त्यांच्याकडे असेल, तर ते बरोबर ठेवावे, म्हणजे पुरातत्त्व खात्याच्या स्थळांवर त्यांना परदेशी पाहुण्यांचे जादा शुल्क पडत नाही.

आषाढीच्या दिवसांत जादा गाड्या सोडताना मी वारकऱ्यांची बोचकी पाहत असे. पथारी, प्लास्टिकचा कागद, तांब्या, टाळ आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात घडी घातलेली एक चिठ्ठी. तीवर नाव, गाव, दिंडीचा क्रमांक आणि घरचा फोन. मोबाइल हरवतो, त्याची बॅटरी संपते, चिठ्ठीचे तसे होत नाही. तेव्हापासून घरातून निघणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाच्या खिशात मी अशी चिठ्ठी ठेवायला सांगतो, आणि त्यावर रोजच्या औषधांची नावेही लिहायला सांगतो.

संपादक महोदय, १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली, तेव्हापासून या राज्यातल्या मोटार नसलेल्या माणसाचा प्रवास याच गाड्यांवर चालला आहे आणि तो माणूसही आपला वाचक आहे. म्हणून माझी आपल्याला एक साधी मागणी आहे. पर्यटनाच्या प्रत्येक लेखाखाली एक छोटी चौकट द्यावी. तीत ते ठिकाण आठवड्यातून कोणत्या वारी बंद असते, पायऱ्या साधारण किती आहेत, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे, जवळचे बसस्थानक आणि रेल्वेस्थानक कोणते, एवढे असावे. ही माहिती मिळवायला वार्ताहराला फार तर दोन फोन करावे लागतील. आणि चौकटीची पहिली ओळ परतीच्या शेवटच्या गाडीची असावी. तो सल्ला मला एका आजोबांनी दिला होता, आणि त्यासाठी त्यांना एक रात्र परक्याच्या ओसरीवर काढावी लागली होती.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक,
सातारा जिल्हा